मधले सेकंद

फोटोत सगळेच्या सगळे त्याच्याकडे बघत होते. पत्र फाडणारी नटी, तिच्या बापाचं काम करणारा ढेरपोट्या नट, खिडकीशी उभा राहणारा धाकटा भाऊ, आणि कोपऱ्यात वही घेऊन बसणारी, नाटकात नसलेली प्रॉम्प्टरबाईसुद्धा. चार माणसं, आठ डोळे, नेमके भिंगात. चेहऱ्यांवर राग नव्हता, हसूही नव्हतं. रस्त्यात कुणी पडलं तर जवळ जावं की न जावं अशा विचारात माणसं थांबतात, तशी ती थांबलेली होती. त्याने चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. काल दुपारच्या तालमीत त्याने बटण दाबलं तेव्हा नटी पत्र फाडत होती आणि बापाने तिच्याकडे पाठ फिरवली होती. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. पण फोटोतलं पत्र केव्हाच फाडून झालं होतं, तुकडे जमिनीवर पडले होते, एक तर पार रंगमंचाच्या कडेपर्यंत गेला होता, आणि बाप समोर तोंड करून उभा. म्हणजे दाबणं आणि उमटणं यांच्या मध्ये बराच वेळ गेला होता. तेवढ्यात माणसांनी काम थांबवलं होतं, माना वळवल्या होत्या, आणि त्याला त्यातलं काहीएक दिसलं नव्हतं. त्याने लगोलग सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडलं.

खापर फोडायला कॅमेराही तसाच होता. ही जातच अशी की भिंगातून बघायचं नसतं. अंगाच्या एका कोपऱ्यात नखाएवढी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन, त्यात समोरचं माणूस दुहेरी दिसतं. भिंगावरचं कडं फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या, नीट बसल्या की दाबायचं. फिल्म होती तोवर हा कॅमेरा गरीब गाईसारखा वागला. मग तो डिजिटल झाला आणि त्याच्या अंगात आलं. दोन मिनिटं हात लावला नाही की झोपायचा. पहिल्यांदा दाबलं की नुसता जागा व्हायचा, दुसऱ्यांदा दाबल्यावर फोटो काढायचा. लागोपाठ सात-आठ काढले की लाल दिवा लुकलुकवत बसायचा, आणि तो विझेपर्यंत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. कधी चक्क गोठायचा. मग बुडाची पट्टी उघडून बॅटरी काढायची, दहापर्यंत मोजायचं, परत घालायची. असे कॅमेरे बाळगणारी गावात पाच-सहा डोकी होती. ती एकत्र जमली की आपापल्या कॅमेऱ्याची गाऱ्हाणी इतक्या लाडाने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, लाडावलेल्या जावयाबद्दल चाललंय. त्यात याने आणखी एक खूळ काढलेलं. पाठीमागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. काढल्याबरोबर बघत बसलं की पुढचं हातचं जातं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे आदल्या दिवशी काय काढलं ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी, टेबलाशी बसल्यावरच कळायचं.

चाळीस वर्षं तो तालमींचे फोटो काढत आला होता. प्रयोगाचे कुणीही काढतं, तालमीत मात्र माणसं हळवी असतात, कॅमेऱ्याचा खट्ट आवाजही त्यांना खपत नाही. याचा कॅमेरा पापणी मिटल्याइतकाच आवाज करायचा, आणि हा स्वतः तर तेवढाही नाही. कॅमेरा डोळ्याला लावून मिनिट मिनिट न हलता उभा राहायचा. नवख्या पोरांना दिग्दर्शक सांगायचे, बघा, याला म्हणतात धीर. एक म्हातारा नट अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्याने आरशासमोर बसला आहे, बोळा हातातच राहिला आहे, आणि स्वतःला ओळखत नसल्यासारखा तो बघतो आहे, हा त्याचा फोटो तर नाटकाच्या लोकांत फारच गाजला. त्या फोटोबद्दल कुणी विचारलं की तो म्हणायचा, मी कुठला काढतोय, तो निघाला. लोक माना डोलवायचे. पण ती काही नम्रता नव्हती. तो फोटो काढल्याचं त्याला खरोखरच आठवत नव्हतं. म्हातारा रंग पुसायला बसला एवढं आठवत होतं, आणि मग एकदम म्हातारा शर्टाची बटणं लावत होता.

त्याने गेल्या वर्षभराचे फोटो उघडून बघायचं ठरवलं. बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा तो अजून मार्चमध्येच होता. असे आणखी अकरा सापडले. एकात फिडल वाजवणारी मुलगी गज खाली घेऊन त्याच्याकडे पाहते आहे. एकात दिग्दर्शकाचा पंजा भिंगाच्या अगदी पुढ्यात आलेला, बोटं पसरलेली, मागे त्याचा चेहरा, तोंड हाक मारताना होतं तसं. एकात रंगमंच अख्खा रिकामा, दिवे विझलेले, सगळे निघून गेलेले, आणि खुर्चीवर कुणाचा तरी विसरलेला स्कार्फ. त्या त्या सकाळी त्याने तो चुकून निघालेला समजून पुसायचा ठरवला होता आणि पुसला नव्हता. त्याला सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अकरातला एकही फोटो हललेला नव्हता. तो रिकामा रंगमंचसुद्धा कसा काचेसारखा स्वच्छ, तिरपा नाही, अंधुक नाही. कुणीतरी नीट उभं राहून, दोन प्रतिमा एकावर एक बसवून, दाबलेला.

साडेतीन वाजले तसं त्याने सगळं मिटवलं, कारण चारला खारूताईची शाळा सुटायची. खारूताई म्हणजे नात, आठ वर्षांची. खारीसारखे पुढचे दोन दात आणि तसलीच एका जागी न बसण्याची सवय, म्हणून ते नाव. जावई परगावच्या नोकरीत, लेक सहापर्यंत कचेरीत, तेव्हा शाळेतून उचलायचं, गाडीने पलीकडच्या भागातल्या तलावावर पोहायला न्यायचं आणि घरी सोडायचं, हे काम दीड वर्ष त्याच्याकडे होतं. खरं सांगायचं तर त्याच्या दिवसात तेवढंच एक काम असं होतं ज्याची तो सकाळपासून वाट बघायचा.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. हा दुरुस्तीवाला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसायचा, डोळ्यात भिंग, समोर मलमलीच्या तुकड्यावर मांडलेले केसाएवढे स्क्रू. दोघांची तीस वर्षांची दोस्ती, आणि ती टिकली कारण दोघेही फार बोलत नसत. त्याने लक्षणं सांगितली. दाबतो आता आणि उमटतं नंतर. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा कानाशी नेऊन दोनदा दाबला आणि आठवड्याने ये म्हणाला. आठवड्याने गेला तेव्हा कॅमेरा पुसून ठेवलेला होता, पण दुरुस्तीवाल्याने तो पुढे केला नाही.

"तीन हजार काढले," दुरुस्तीवाला म्हणाला. "गरम करून काढले, गार करून काढले. झोपतो, मान्य आहे. अडतो. एकदा गोठलासुद्धा. पण गोठला तर काढतच नाही रे. उशिरा काढायचं त्याच्यात आहेच कुठे? एकतर आता, नाहीतर नाहीच."

"मग माझ्याकडे कसा काढतो?"

दुरुस्तीवाला स्क्रू डबीत भरू लागला. घरी करून बघ म्हणाला. सेकंदकाट्याच्या घड्याळासमोर उभा राहा, काटा बारावर आला की दाब, पन्नास वेळा कर, मग बघ. जिना उतरायला लागल्यावर मागून त्याने विचारलं, गाडी अजून तूच चालवतोस का. क्वचित, असं हा म्हणाला. एरवी तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि म्हणूनच खाली येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपण खोटं का बोललो ते आपल्याला ठाऊक आहे.

घड्याळ जेवणाच्या खोलीत होतं, लेकीने दिलेलं, पांढऱ्या तबकडीचं, लाल सेकंदकाट्याचं. दुपारी बायको मागच्या खोलीत पडलेली असताना तो दार लोटून भिंतीसमोर उभा राहिला. घर शांत होतं. खिडकीतल्या चौकोनात बाराचे दोन आकडे दिसले, कडं फिरवल्यावर एक झाला. काटा वर आला, दाबलं. पुन्हा एक फेरी, दाबलं. पन्नास मिनिटं असा उद्योग करणाऱ्या माणसाला कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला हसूही आलं. दर फेरीत सगळं लख्ख होतं. काटा, बारा, दाबणं. एकदाही डोळा हलला नाही, मन भरकटलं नाही, कुणी आलं नाही, कसला आवाज झाला नाही. पन्नास झाले तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की कॅमेऱ्याला त्याने हळूच थोपटलं.

मग तो टेबलाशी बसला. पहिला, बारावर. दुसरा, बारावर. विसावा, तिसावा, सगळे बारावर, एखादा केसभर पुढे. एकतिसाव्यात काटा चारच्या जरा अलीकडे होता, आणि फोटोच्या उजव्या कडेला बायको होती. ती अगदी जवळ उभी होती, झोपेतून उठल्याचे केस, एक हात त्याच्या कोपराकडे आलेला, तोंड उघडं. बत्तिसाव्यात काटा बारावर, बायको नाही. किती वेळ तो त्या दोन फोटोंमध्ये मागेपुढे करत बसला ते त्याला कळलं नाही. एकात ती आहे, दुसऱ्यात नाही. खोलीत ती आली आणि गेली, आणि तो तिथे नव्हता. पण मग तिथे होतं कोण? तिच्यासमोर दोन पायांवर कोण उभं होतं, कुणी कॅमेरा धरला होता, कुणाच्या बोटाने हे दाबलं होतं? एवढी वर्षं लोक ज्याच्याशी बोलायचे आणि ज्याचं कौतुक करायचे तो, आणि हा, यांतला आपण कोणता? स्वतःच्या उजव्या हाताकडे त्याने असं पाहिलं की जणू तो कुणी टेबलावर विसरून गेलं आहे.

त्याने बायकोला बोलावलं आणि फोटो दाखवला. कसले हे केस, मला न विचारता कशाला काढलात, असं ती आधी म्हणाली. मग तिने सांगितलं की तिने चहाचं विचारलं होतं. तीनदा विचारलं.

"आणि मी काय म्हणालो?"

"तुम्ही कुठले बोलताय. कॅमेरा डोळ्याला लागला की तुम्ही आमचे राहता का? म्हटलं जाऊ दे, लागलीय समाधी." ती हसली. "लग्नानंतर आईंनीच सांगितलं होतं मला. म्हणाल्या, हा मधूनच हरवतो, तेव्हा हाक मारायची नाही, आपोआप येतो."

त्याच्याकडे बघता बघता तिचं हसू मावळलं, कारण तो हसत नव्हता. आई त्याला हे कधी बोलली नव्हती. त्याला एकदम घराची मागची पायरी आठवली, आठ-नऊ वर्षांचा तो, हातात पेरू, आणि समोर आईचा चेहरा, फार जवळ, डोळे भरलेले, आणि ती विचारते आहे, आलास? तेव्हा त्याला वाटलं होतं आई खेळते आहे. पेरूला मुंग्या लागल्या होत्या. हातातल्या पेरूला एवढ्यात मुंग्या कशा लागल्या याचं त्याला नवल वाटलं होतं, आणि त्याने तो झाडून खाल्ला होता. तेव्हापासून आजपर्यंत असे किती तुकडे पडले असतील. बाकीच्या माणसांना ती नुसती समाधी दिसली, कारण समोर कॅमेरा होता आणि तोंड त्यामागे होतं. दुसरं कुठलंही काम करत असता तर चाळीस वर्षांपूर्वीच कुणीतरी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. याला मात्र टाळ्या मिळाल्या. फिल्मवर वेळ उमटत नाही. कॅमेरा डिजिटल झाला, त्याच्या नखऱ्यांमुळे पहिल्यांदा याला शंका आली, आणि शंकासुद्धा कॅमेऱ्याचीच आली.

सोमवारी डॉक्टरकडे जायचं ठरलं. बायको म्हणाली, लेकीला आजच सांगू, खारूताईची दुसरी सोय बघायला हवी. तोही हो म्हणाला. पण साडेतीनला लेकीचाच फोन आला. आज निघायला सात होणार, तेवढं सांभाळून घ्या बाबा, तुम्ही आहात म्हणून निभतंय. तुम्ही आहात म्हणून. या शब्दांपुढे त्याला दुसरं काही सुचलं नाही. बायको दुकानात गेलेली होती. इतकी वर्षं काही झालं नाही ते आज एका दिवसात काय होणार आहे, असं त्याने स्वतःला समजावलं आणि किल्ली घेतली. ते समजावणं लटकं आहे हे त्याला किल्ली घेतानाच माहीत होतं. लाजेने त्याचे कान तापले, तरी तो गेला.

आयुष्यात कधी चालवली नसेल इतक्या सांभाळून त्याने गाडी चालवली. काचा खाली केल्या. शेजारी बसलेल्या खारूताईला बोलत राहायला सांगितलं, आणि तिला ते सांगावं लागत नसे. वर्गातल्या एका मुलीने खोडरबर गिळलं होतं, ती कथा शाळेपासून सुरू झाली. तो प्रत्येक गोष्ट मनात म्हणत होता. लाल दिवा. हिरवा. डावीकडे एक बस. औषधाचं दुकान. पुलाचा चढ. पुलावरून खालचं पाणी, करडं, त्यावर एक होडी. पुलाचा उतार. तलावाची निळी पाटी. गाडी फाटकाच्या आत झाडाखाली उभी करून त्याने इंजिन बंद केलं तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण सगळा रस्ता त्याच्याजवळ होता, शाळेपासून इथपर्यंत, कुठेही फाटलेला नाही. त्याला रडू येईल इतकं बरं वाटलं. बघ, आलो की नाही नीट, असं तो म्हणालासुद्धा.

खारूताई पिशवीतून पोहण्याची टोपी शोधत होती. "आज सतरा," ती म्हणाली.

"काय सतरा?"

"पुतळा. आजचा सगळ्यात मोठा. त्याच्या आधीचा चौदाचा होता."

त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, कुठला पुतळा. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की आजोबा आता विसरल्याचं सोंग करत आहेत. "तू होतोस ना तो. मी मोजते. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नाहीतर बाद. आज पुलावर झालास."

पूल त्याला आठवत होता. चढ आठवत होता, होडी आठवत होती, उतार आठवत होता.

"पुलावर आपण थांबलो होतो का गं? गर्दी होती?"

"छे. चालली होती की गाडी."

"मग?"

"मग काय, मी धरते ना स्टिअरिंगचं चाक," खारूताई म्हणाली. टोपी सापडली होती, ती ताणून बघत होती. "तू पुतळा झालास की धरते. सरळ धरायचं, मला येतं आता. पहिल्यांदा भीती वाटली होती."

तिने आईला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आईने खेळ बंद केला असता. तिने हे अगदी समजूतदारपणे सांगितलं. किती दिवस चाललंय, असं विचारण्याचा त्याला धीर झाला नाही. त्याने किल्ली काढून तिच्या पिशवीत टाकली, पोहायला आज नाही म्हणाला, आणि बायकोला फोन लावला. बायकोने पहिल्याच घंटीला उचलला. कुठे आहात, गाडी कुठे आहे, ती विचारायला लागली. तो म्हणाला, तलावावर आहे, तू टॅक्सी करून ये, आम्हाला न्यायला ये, मी आता चालवणार नाही, फक्त आजच नाही, यापुढे कधीच नाही. झाडाची सावली काचेवर हलत होती. फाटकाशी एक बाई दोन ओल्या मुलांना टॉवेलात गुंडाळत होती, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की आता ठीक आहे, सांगून झालं, आता सगळं सांगता येईल. तो बोलायला गेला तर फोनवर बायको रडवेल्या आवाजात म्हणत होती, "अहो, बोला की काहीतरी, किती वेळ हाका मारतेय मी."

फाटकाशी कुणी नव्हतं. खारूताई त्याच्या अंगावरून पुढे वाकली होती, डोक्यावर पोहण्याची टोपी, आणि बंद गाडीचं चाक तिने दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं होतं.